सर्व्हेवाल्या मुलीचा जबाब

या प्रकरणाचा विषय निघाला की मी अजूनही उठून दुसऱ्या खोलीत जातो. नोकरीतल्या खून-दरोड्यांच्या गोष्टी मी सोसायटीच्या गच्चीवर बसून पुष्कळ सांगितल्या. ही एक कधीच सांगितली नाही. बायकोलासुद्धा नाही. स्वेच्छानिवृत्ती घेऊन आता बोरीवलीला घरीच असतो. सांभाळायला पद उरलं नाही, म्हणून लिहितो. नाव कोणाचंच देणार नाही. मी काय केलं, तेवढं जसंच्या तसं देतो.

तेव्हा मी अंधेरी पूर्वेच्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. मरोळच्या औद्योगिक वसाहतीमागची वस्ती आमच्या हद्दीत यायची. त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा मोबाइलवर फिरत होत्या. रोज कोणी ना कोणी एखाद्या फेरीवाल्याला धरून ठाण्यात आणायचं.

सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. वस्तीतल्या पिठाच्या गिरणीवाल्याचा फोन आला.

"साहेब, एक पोरगी खडू घेऊन फिरतेय. ठरावीक दारांवर खुणा करते आणि पोरांची वयं विचारते. लवकर या, नाहीतर लोक तिला तुडवतील."

आम्ही पोचलो तेव्हा गिरणीवाल्याने तिला आत घेऊन शटर अर्धं ओढलं होतं. बाहेर ही गर्दी. एकाने मला हाताला धरून एक दार दाखवलं.

"हे बघा. हे घर घेतलं, मधली सोडली, मग ते घेतलं. कशाला? पाळत ठेवूनच आलीय ना ती!"

"आणि माझं घर का सोडलं गं?" एक म्हातारी शटरखाली वाकून ओरडत होती. "माझे नातू काय पळवण्याच्या लायकीचे नाहीत काय?"

लोक हसले. पण त्याच हसणाऱ्यांतल्या कोणीतरी तिची ओढणी फाडली होती. आम्ही तिला गाडीत घालून ठाण्यात आणलं. महिला शिपायाने पाणी दिलं.

हकिगत साधी होती. ती घाटकोपरची. घरचे मूळचे मराठवाड्यातले, बौद्ध. वडील महानगरपालिकेत कामाला. समाजशास्त्रात एम.ए. करता करता एका संशोधन संस्थेसाठी घरोघर फिरून माहिती गोळा करत होती. गरीब वस्त्यांतली कुठली मुलं शाळेत टिकतात, कुठली सुटतात, आणि का सुटतात, असा विषय. इथली माहिती दुसऱ्या गरीब देशांतल्या वस्त्यांशी ताडून बघणार होते.

"म्हंजे आमचा मरोळ परदेशात पावला," आमचे हवालदार म्हणाले. मालवणकडचे, निवृत्तीला आलेले. तीसुद्धा जराशी हसली.

"आणि मधली घरं का सोडलीस?" मी विचारलं.

"दर पाचवं घर घ्यायचं, सर. आपल्या मनाने निवडायचं नाही, तोच नियम आहे. मनाने निवडलं तर आपण सोयीची, बोलकी माणसंच गाठतो. खडू फक्त मोजताना चुकू नये म्हणून."

म्हणजे कोणालाही हेरायचं नाही म्हणून केलेला नियम लोकांना हेरगिरी वाटला होता. मी संस्थेत फोन लावला. खातरजमा झाली. त्यांनी आम्हाला सर्वेक्षणाची आगाऊ सूचनाही दिली होती; ती ठाण्याच्या बारनिशीत, आलेल्या टपालात, पडून होती आणि कोणी वाचली नव्हती. हवालदार माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "साहेब, पोरगी खोटा बोलणा नाय. घराक पाठवया तिका."

तिथेच प्रकरण संपायला हवं होतं.

पण आठवड्यापूर्वीच वरिष्ठांनी मला सगळ्यांसमोर झापलं होतं. वसाहतीतल्या गाळ्यांमध्ये लहान मुलं कामाला ठेवतात अशी तक्रार होती. आम्ही छापा घालावा तर गाळा रिकामा. कोणीतरी आधीच कळवायचं. आणि इथे माझ्यासमोर एक मुलगी बसली होती, जिला, तिच्याच बोलण्यावरून, त्या वस्तीतल्या बायका घरात बसवून पोहे खायला घालत होत्या. माझ्या कुठल्या खबऱ्याला ते जमलं असतं?

मी चहा मागवला. सहज विचारल्यासारखं विचारलं, "लोक तुला खरं सांगतात?"

सुटका झाली असं वाटून ती मोकळेपणाने बोलायला लागली. "मुलगी शाळेत जाते का, असं विचारलं तर सगळे हो म्हणतात, सर. म्हणून आम्ही कालचा दिवस विचारतो. सकाळी उठल्यापासून घरातल्या कोणी काय काय केलं. पाणी कोणी भरलं, भांडी कोणी घासली. बोलता बोलता खरं येतं."

"म्हणजे कुठली पोरं गाळ्यात जातात ते तुला माहीत आहे."

तिने कप खाली ठेवला. "ते मी सांगू शकत नाही, सर. घरातलं बाहेर जाणार नाही असा शब्द देऊनच आम्ही आत जातो."

"पोलिसांनासुद्धा नाही?"

"पोलिसांना तर नाहीच नाही, सर."

महिला शिपायाला हसू आलं. मला ते लागलं. मी तिच्या पिशवीतले कागद काढून बघितले. नुसते आकडे. कोणाचं नाव नाही, पत्ता नाही. जे होतं ते तिच्या डोक्यात.

आधी मी गोड बोललो. "पोरी, त्यात कोणाचं वाईट आहे? मुलं कामातून सुटतील. तुम्हीही तेच म्हणता ना?" ती मान हलवत राहिली. मग मी आवाज खाली आणला. आवाज चढवण्यापेक्षा त्याची भीती जास्त बसते, हे अनुभवाने माहीत होतं.

"पुढे काय करणार आहेस?"

"शिक्षिका व्हायचंय. सरकारी."

"मग चारित्र्य पडताळणी होईल. घाटकोपरहून इकडे विचारणा आली, तर मी काय लिहू? मुलं पळवल्याच्या संशयावरून ठाण्यात आणली होती, एवढं लिहिलं तरी ते खरंच आहे."

हवालदार उठून बाहेर गेले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

मग एका दमात तिने एक गल्ली सांगितली, एक घर सांगितलं, गाळा कुठल्या अंगाला आहे ते सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. फक्त शेवटी म्हणाली, "त्या घरातल्या ताईंनी मला देवाची शपथ घालून विचारलं होतं, सर. कुठे जाणार नाही ना हे?"

दुसऱ्या दिवशी छापा पडला. या वेळी गाळा भरलेला होता. खोट्या दागिन्यांना खडे चिकटवायचं काम. मुलांना ताब्यात घेऊन बालकल्याण समितीसमोर उभं केलं. पेपरात फोटो आला. मला प्रशस्तिपत्र मिळालं.

त्या ताईंची मुलगी त्यांत होती. चौदा वर्षं पूर्ण नव्हती. तिची शाळा दुपारची. आई धुण्याभांड्याची कामं करायची आणि मुलगी सकाळचे काही तास गाळ्यात बसायची. शाळा सुटू नये म्हणून आईने काढलेली ती वाट होती. कायद्याने ती चूकच, मी आजही तेच म्हणेन. लहान मुलाने तिथे बसू नये. पण मुलगी बालगृहात गेली आणि तिची शाळा त्याच दिवशी सुटली. मालक जामिनावर बाहेर आला. बाकीच्या आया वस्तीत त्या एकीच्याच दारात भांडायला उभ्या राहिल्या, कारण छाप्याला जाताना पोलीस सगळ्यात आधी तिच्या गल्लीत शिरले होते. नळावर तिची बादली कोणी लावू देईना.

काही दिवसांनी ती सर्व्हेवाली मुलगी स्वतःहून ठाण्यात आली. मला वाटलं, तक्रार करायला आली असेल. मी मनात उत्तरं जुळवून ठेवली.

"सर, एकच काम आहे. माझ्याबरोबर त्या ताईंकडे चला. माझ्याशी त्या बोलत नाहीत. दारातून हाकलून दिलं मला. तुम्ही फक्त सांगा, की मी आपणहून सांगितलं नाही."

"त्याने काय होणार?"

"त्यांचं काही होणार नाही, सर. पण त्यांनी कोणावर विश्वास टाकला ते त्यांना कळेल. त्या म्हणतात, तुला पोलिसांनीच पाठवलं होतं."

जीप बाहेर उभी होती. तिथून मरोळ किती लांब? मी म्हणालो, "पोलीस असे घरोघर खुलासे देत फिरत नाहीत." ती म्हणाली, "बरं, सर." आणि गेली.

पुढे ताईंची मुलगी आईच्या ताब्यात मिळाली तेव्हा दोघी गावी निघून गेल्याचं हवालदारांकडून कळलं. कुठल्या गावी, ते मी विचारलं नाही. संस्थेने त्या वस्तीतलं काम बंद केलं. घाटकोपरच्या मुलीची चारित्र्य पडताळणीची विचारणा माझ्याकडे आलीच नाही. ती शिक्षिका झाली की नाही, मला ठाऊक नाही.

निवृत्तीनंतर एकदा मी त्या वस्तीत गेलो. ते घर पाडून तिथे इमारत उभी राहिली आहे. वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, "कौन ताई?" मला पुढे नाव सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

या नोकरीने मला शिकवलं की माणूस दोन प्रकारे खरं बोलतो. एक, घाबरला की. आणि दुसरा, समोरच्याने शब्द दिला की. पहिल्या प्रकाराने आम्ही गुन्हे उघड केले आणि त्याचा अभिमान बाळगला. दुसऱ्या प्रकारचं खरं मी आयुष्यात एकदाच इतक्या जवळून बघितलं, आणि ते पहिल्या प्रकाराने फोडून काढलं. छापा कायदेशीर होता, कागद चोख होते, माझ्यावर कधी चौकशी बसली नाही. त्यामुळे शिक्षा अशी काही झालीच नाही, आणि माफी मागायला माणसं सापडत नाहीत.

ताई, तुम्ही हे वाचाल असं मी धरून चालत नाही. तरी सांगतो. त्या मुलीला आम्ही पाठवलं नव्हतं. तिने आपणहून काही सांगितलं नाही. मी तिच्याकडून काढून घेतलं.