मोहाचा दुसरा द्रोण

परवा परतवाड्याच्या बाजारात मोहफुलांचा गोड, आंबूस वास आला आणि मला मेळघाटातलं ते अंगण आठवलं.

बाबा तिथे शाळेवर गुरुजी होते. घरी रोज पंचशील म्हणायचे, दारूला शिवायचे नाहीत. एका कोरकू म्हातारीनं आम्हाला नातीच्या बारशाला बोलावलं आणि पानाच्या द्रोणात मोहाची दारू भरून बाबांपुढे धरली.

"गुरुजी, आमच्या मेलेल्यांसाठी दोन थेंब खाली सांडा, मंग तुमी घ्या."

बाबांनी द्रोण कपाळाला लावला आणि सगळाच मातीत ओतला. सुटलो, असं मला वाटलं. म्हातारी ओल्या मातीकडे बघत राहिली. मग डोळे पुसून तिनं द्रोण पुन्हा भरला.

"लय तहानले होते आमचे. आता तुमी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि तो पिऊन टाकला.

संध्याकाळी वंदना म्हणताना, दारूपासून दूर राहायचं पाचवं शील आलं तसे बाबा थांबले. ते मी एकटीनंच म्हटलं, मुद्दाम मोठ्यानं.

तेव्हा मला बाबांची लाज वाटली होती. आता त्यांची वाटते की माझ्या त्या आवाजाची, काही कळत नाही.