इस्त्री केलेलं पत्र

कारखान्यातल्या अख्ख्या पाळीचा जीव ज्या कागदावर अवलंबून होता, त्याच्यावरून मी कडकडीत तापलेली इस्त्री फिरवली. एकदा नाही, दोनदा. परभणीत राहिलेल्या माझ्या बहिणींनो आणि न्यू जर्सीला गेलेल्या नातवंडांनो, तुमच्या घरातली 'शिकलेली बाई' ती हीच.

ती इस्त्री माझ्या रुखवतातली. परभणी स्टेशनात गाडी सुटायच्या आधी आईनं ती माझ्या मांडीवर ठेवली आणि बजावलं, "महत्त्वाचा कागद आला की आधी देवापुढं, मग माणसांपुढं." मी नाक पुसत मान डोलावली. हैदराबाद म्हणजेच मला तेव्हा विलायत वाटत होती. खरी विलायत पुढं कितीतरी वर्षांनी हैदराबादेत, बरकतपुऱ्यातल्या माझ्या दारात आली, ती रझियाच्या हातानं.

रझिया माझे ब्लाउज शिवायची, आणि दिवसभर कारखान्यात शर्टांना कॉलर लावायची. बाजार नुकता खुला झाला होता. परदेशी दुकानांच्या ऑर्डरी धडाधड येत होत्या. पाळी सुरू झाली की मालक दाराला बाहेरून कुलूप घालायचा. एकदा मशीनची वायर जळाली, हॉल धुरानं भरला आणि किल्लीवाला गेलेला चहाला! बायका थोडक्यात वाचल्या.

मी पडले बी.ए., त्यातून इंग्रजीवाली. रझियानं मला हॉलंडमधल्या बायकांच्या एका संघटनेला पत्र लिहायला बसवलं. एका पानात 'रिस्पेक्टेड मॅडम' सात वेळा आलं होतं. तरी त्या बायकांना कळलं. आमचे शर्ट विकणाऱ्या तिथल्या दुकानासमोर त्या फलक घेऊन उभ्या राहिल्या, आणि दुकानानं मालकाला लेखी कळवलं: कुलूप काढा, नाहीतर ऑर्डर बंद. मालक म्हणाला, असलं काही आलंच नाही. मग तिथल्या मारिया नावाच्या बाईनं त्या पत्राची नक्कल आबिड्स बाजारातल्या फॅक्सच्या दुकानावर आम्हाला पाठवली. सोमवारी ती मालकापुढं ठेवायची होती.

घरी आणला तर कागद आपला सुरळी होऊन बसला. देवापुढं गुंडाळी कशी ठेवायची? केली इस्त्री. फॅक्सचा कागद उष्णतेनं काळा पडतो, हे बी.ए.ला नव्हतं. मला वाटलं, आतला मळ वर येतोय. म्हणून पुन्हा फिरवली. झाला तवा!

"अक्का, ये क्या करे तुम?" रझिया एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तशीच रझियाला घेऊन रिक्षानं आबिड्सला पळाले आणि हॉलंडला कळवलं, 'रिस्पेक्टेड मॅडम, आय हॅव आयर्न्ड युवर लेटर.' संध्याकाळी मशीन खुरखुरायला लागलं. आधी मारियाची नक्कल. मग बांगलादेशातल्या शिलाईवाल्या बायकांकडून तीच नक्कल, मग फिलिपाइन्सहून, मग आणखी कुठून कुठून. मारियानं माझा पराक्रम गावभर केला होता, आणि तिचं गाव केवढं! प्रत्येक कागदाखाली सह्या, 'आम्हीही बघतोय' असा मजकूर. दुकानदाराचा रोल संपला. "किते रिश्तेदार हैं जी तुमारे बाहर!" तो कावून म्हणाला.

सोमवारी रझियानं मालकाच्या टेबलावर एकेक कागद मांडला. पाचव्याला त्यानं किल्ली काढली. ते कुलूप रझिया घेऊनच आली. आता तिची नातवंडं त्यानं चिंचोके फोडतात.

तुम्ही मला अजून विचारता, परभणीची आठवण येते का. येते की. पण ज्यांची तोंडंही मी पाहिली नाहीत, त्या बायका माझ्या मूर्खपणावर खो खो हसल्या आणि हसता हसता धावून आल्या. माहेरची माणसं याहून वेगळं काय करतात?

फॅक्स आले त्या संध्याकाळी दुकानातून घरी निघताना मी सगळी पत्रं गोळा केली होती. म्हटलं, आज तरी देवापुढं ठेवते. रझियानं गठ्ठा अलगद माझ्या हातातून काढून आपल्या पिशवीत घातला.

"मेरे पासिच रहने देव, अक्का. तुमारे घर में इस्तरी है."