केस म्हन!

"सोड झिंज्या!" जिनाच्या फाटकावर जमादार वरडला आन माह्या अंबाड्यात काडी खुपसली. काडी! हात नाई लावत. हातानं विटाळ होते ना त्याले. स्वराज्य आलतं, विटाळ कायद्यानं बंद झालता म्हने. फाटकावर नाई झालता.

सिंदीच्या जिनात, सरकी काढाच्या कारखान्यात, मी कापसातला कचरा निवडाले जाओ. सुट्टी झाली का बाकीच्या बाया पदर झटकून चालत्या होत. आमच्या वस्तीतल्या बायांनी तेवढं रांगेत उभं राहून अंबाडा सोडाचा. काऊन? त आम्ही केसात कापूस चोरून नेतो म्हने. अरे, दिवसभर रुई उडते, डोक्यात बसनारच! जिनाचा कारकून बाबू, त्याच्या मिशीतही बसे. त्याची मिशी कोनी उचकटली नाई कधी.

आमच्यात बाई चारचौघांत केस सोडते ते घरात मयत झाल्यावर. आम्ही रोज सोडत होतो, जितेपनी.

त्या दिवशी काडी टाळूत घुसली. रक्त आलं. मी म्हनलं, "झिंज्या काऊन म्हनतं रे? केस म्हन."

बाबू खुर्चीतून हसला. शिकलेला मानूस तो. "अगं, केस हा संस्कृत केशवरून आलेला शब्द आहे. देवीचे असतात केस. आमच्या घरच्या बायकांचे असतात. तुमच्या त्या झिंज्याच."

तळपायाची आग मस्तकात गेली माह्या. शाळेचं तोंड नाई पाह्यलं मी. पन मायच्या पोटातून येतानीच हे डोक्यावर घेऊन आलती. मायनं जवसाचं तेल लावून वाढवले. त्याईले नाव ठेवाले हा मेला कोन?

"मंग माह्या डोक्यावर गवत उगवलं काय, बाबू? तुमच्या बायकोच्या डोक्यावर उगवते तेच उगवते इथं!"

जमादाराच्या हातची काडी हिसकली आन मोडली. रांगेत माह्या मांगं उभ्या बायांचे हात अंबाड्यावरच थांबले. त्या दिवशी एकीनंही सोडला नाई.

दुसऱ्या दिवशी मले एकटीले अडवलं. बाबू म्हने, "आधी अंबाडा सोड. चुकलं म्हण. मग आत ये."

मी परत फिरली. घरी दोन लेकरं, चूल थंडी. सासू रडकुंडीले आली. "सोड न वो बाई. केसच त हायेत."

केस हायेत म्हूनच नाई सोडत. दुसऱ्याच्या वावरात तुराट्या उपटीन, उपाशी निजीन. पन त्या फाटकावर माहा अंबाडा सुटनार नाई. माह्या पोरीचाही नाई.