तिसऱ्या मजल्यावरचं मखर

गेल्या मंगळवारी दुपारी आमच्या खराडीच्या बिल्डिंगमध्ये आग लागली. तशी लहानच होती... पण घरात न उठणारं माणूस असलं की लहान आगही लहान वाटत नाही.

माझे सासरे, अप्पा, पॅरालिसिसमुळे अंथरुणावर आहेत. उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. आम्ही राहतो पाचव्या मजल्यावर. नवरा हिंजवडीला ऑफिसात, घरात मी आणि अप्पा.

तिसऱ्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिक डक्टमध्ये शॉर्टसर्किट झालं. डक्ट म्हणजे सगळ्या वायरी खालून वर नेणारी अरुंद जागा, प्रत्येक मजल्यावर तिला एक दार... आणि दार दिसलं की आपण आत सामान ठेवणारच. तिथे जोशीकाकांचं गणपतीचं थर्माकोलचं मखर होतं, बंदी येण्याआधीचं, मोठ्या प्रेमाने जपलेलं. शेजारी रद्दी.

लाइट गेले, लिफ्ट बंद पडली. दार उघडलं तर जिन्यातून काळा धूर वर येत होता. अप्पांना खाली न्यायचं तर चार माणसं लागतात... आणि घरात मी एकटी.

समोरच्या शबानाभाभी धावत आल्या. त्या गच्चीवर जाऊ शकल्या असत्या, मी तसं म्हटलंही. "अप्पांना सोडून कुठे जाऊ?" एवढंच बोलून त्यांनी टॉवेल भिजवले आणि दाराच्या फटीत कोंबायला घेतले.

मग आम्ही दोघी पलंगाशी बसून राहिलो. डक्ट आमच्या दाराला लागूनच आहे, आणि आग वायरी धरून वर चढते हे अप्पांनीच मला कितीदा ऐकवलं होतं. तेही दाराकडेच बघत होते... त्यांची भीती त्यांना सांगता येत नव्हती आणि माझी मला लपवता येत नव्हती.

पण आग वर आली नाही.

आजारी पडायच्या आधी अप्पा सोसायटीचे सेक्रेटरी होते. इंटरनेटवाले यायचे, वायरीसाठी स्लॅबला भोक पाडायचे आणि ते तसंच उघडं टाकून निघायचे. अप्पा त्यांच्या डोक्यावर उभे. आगीत फुगून भोक बुजवणारं लाल सीलंट ते स्वतः आणून ठेवायचे, आणि "बंद केलं का?" विचारून, टॉर्च मारून बघितल्याशिवाय कुणाला सोडायचे नाहीत. बिल्डिंगमध्ये त्यांचं नाव पडलं होतं, डक्टमंत्री.

जोशीकाकांचं मखरही त्यांनी डक्टमधून काढून काकांच्या दारात ठेवलं होतं. त्या वर्षीपासून जोश्यांकडचा दिवाळीचा फराळ बंद झाला. अप्पा आजारी पडले आणि मखर परत डक्टमध्ये गेलं.

अग्निशामक दलाने आग विझवली. सुदैवाने कुणाला काही झालं नाही. नंतर त्यांच्या अधिकाऱ्यांनी एकेक डक्ट उघडून दाखवला. तिसऱ्या मजल्यावर नुसता कोळसा... आणि चौथ्यावर वायरी जशाच्या तशा. मधल्या स्लॅबमध्ये ते लाल सीलंट फुगून घट्ट बसलं होतं.

"हे ज्यांनी करून घेतलंय, त्यांच्यामुळे वाचलात," ते म्हणाले. मग आमच्या मजल्यावर त्यांनी टॉर्च वर मारला. सहाव्या मजल्याकडे जाणारं एक भोक सताड उघडं होतं. अप्पा आजारी पडल्यानंतर आलेली नवी वायर... तिच्यामागे कुणीच उभं राहिलं नव्हतं.

रविवारी सगळ्या मजल्यांची भोकं बुजवली. कामावर जोशीकाका स्वतः उभे होते. संध्याकाळी ते आमच्याकडे आले, कित्येक वर्षांनी. अप्पांच्या उशाशी बसले. बोटांना सीलंटचे लाल डाग तसेच होते.

अप्पांनी ती बोटं बघितली. बराच वेळ ओठ हलवले.

"बंद... केलं?"

"केलं हो, अप्पा. सगळे मजले," काका म्हणाले आणि रडायलाच लागले. अप्पांनी डावा हात सरकवून त्यांच्या हातावर ठेवला. मी चहा टाकायच्या निमित्ताने आत निघून गेले.

तुमच्या मजल्यावरचं ते दार आज एकदा उघडून बघा. हे लिहितेय तेव्हा शेजारच्या खोलीत अप्पा खोकतायत... आणि तो खोकला ऐकताना मला फार बरं वाटतंय.