पर्लिताने लिहिलेला खुनी

पर्लिता माग्बानुआने वीस वर्षं रेडिओसाठी श्रुतिका लिहिल्या. दुपारी अडीचला फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराच्या आसपासच्या गावांतल्या बायका हातातलं धुणं टाकून तिच्या नायिकांसाठी रडायच्या, आणि संध्याकाळी बाजारात पर्लिताला गाठून भांडायच्या, "त्या बिचारीला अजून किती छळणार आहेस गं?" मग रेडिओवाल्यांनी श्रुतिका बंद केल्या आणि त्या वेळात फर्माइशी गाणी लावली. पर्लिता तेव्हा त्रेपन्न वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं, ओतोन गावात आईबापांचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि लिहिण्यावाचून दुसरं काही येत नव्हतं.

शहरातल्या एका कंपनीने तिला काम दिलं. ही कंपनी मोबाइलवर वाचायच्या गोष्टी काढत असे. चार ओळी झाल्या की गोष्ट थांबते आणि वाचणाऱ्याला विचारते, आता काय करणार? खाली दोनतीन पर्याय. बोट लावाल तशी गोष्ट पुढे जाते. पर्लिताची साहेबीण जेसामिन तिच्याहून पंचवीस वर्षांनी लहान होती, पण तोंडाने गोड.

"मॅम पर्ली, प्रेमकथा खूप झाल्या," एके दिवशी ती म्हणाली. "आता खुनी हवा. एकामागून एक मारणारा. आणि वाचणाराच खुनी. 'तू दार उघडतोस, तू सुरी घेतोस,' असं लिहायचं. जमेल?"

"जमेल," पर्लिता म्हणाली.

जमणारच होतं. अकरा वर्षांपूर्वी ओतोनच्या रस्त्यावर एका वर्षात तीन बायका मारल्या गेल्या होत्या. मारणारा तीनचाकी चालवायचा. पर्लिता त्याच्या गाडीतून कितीदा तरी आली-गेली होती. एकदा त्याने तिची तांदळाची गोणी आपणहून स्वयंपाकघरापर्यंत आणून दिली, पाणी प्यायला, आभार मानले आणि गेला. तो पकडला गेला त्या दिवशी तिने तो पाण्याचा पेला घासघास घासला, आणि तरीही ठेववेना तेव्हा फेकून दिला.

तिने तोच माणूस लिहिला. मांजरांना माशाची डोकी घालणारा, म्हाताऱ्यांकडून भाडं न घेणारा. गावाचं नाव बदललं, माणसांची नावं बदलली. पण मारली गेलेली तिसरी मुलगी आर्लिन, बेकरीत काम करणारी, तिच्या एका चपलेचा पट्टा निळ्या दोऱ्याने शिवलेला होता. ते तेव्हा पेपरात आलं होतं. तो निळा दोरा पर्लिताने तसाच उचलला. इतका चांगला तपशील सोडवेना.

प्रत्येक मुलीपाशी तिने एक पर्याय ठेवला होता: तिला बसवू नकोस, रिकामी गाडी पुढे ने. निम्मे लोक तरी गाडी पुढे नेतील, असं तिला खरंच वाटलं होतं.

महिन्याभराने जेसामिनने सांगितलं, "शंभरातले तीन दाबतात ते, मॅम. रिकामी गाडी चालवायला कोण येतं इथे? काढून टाकलंय मी."

पर्लिता थोडी कुरकुरली आणि गप्प बसली. गोष्ट तुफान चालली होती. कंपनी लेखकाचं नाव छापत नसे, म्हणून तिने स्वतःच कोपऱ्यावरच्या दुकानात सांगून टाकलं की ती आपली आहे. बऱ्याच वर्षांनी बाजारात लोक पुन्हा तिला थांबवू लागले होते.

एका रविवारी चर्चमधली प्रार्थना, म्हणजे मास, आटोपल्यावर आर्लिनची आई पर्लिताच्या दारात उभी राहिली. कॉन्चिंग सत्तरीची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हातात केळीच्या पानातला चिकट भात आणि दोन आंबे.

"मनांग कॉन्चिंग! या, या, बसा." थोरल्या बाईला तिथे मनांग म्हणत, थोरली बहीण म्हणून.

"बसते. तुझी ती गोष्ट वाचून दाखव. मला दिसत नाही हल्ली."

"ती... ती तुमच्यासारख्यांनी ऐकायची नाही हो, मनांग. पोरासोरांची आहे."

"तिसऱ्या मुलीपासून वाच."

पर्लिताने फोन काढला. तिचा आवाज रेडिओचा, कमावलेला. तू बेकरीसमोर गाडी उभी करतोस. ती येते. तिच्या चपलेला निळा दोरा आहे. इथे गोष्ट थांबली. खाली दोन पर्याय होते: तिच्याशी गप्पा मारत ने, किंवा न बोलता ने.

"काय काय करता येतं?" कॉन्चिंगने विचारलं.

पर्लिताने तिच्याकडे पाहिलं. "तीन गोष्टी करता येतात. बोलत ने, गप्प ने, किंवा... तिला बसवू नकोस, गाडी पुढे ने."

"ने पुढे."

मग पर्लिता फोनकडे नुसती बघत मनातलं बोलू लागली. गाडी निघून जाते. पोरगी रस्त्यात उभी राहून त्या गाडीवाल्याला शिव्या घालते, उन्हातून चालत घरी येते. आई ओरडते, कुठे होतीस इतका वेळ? ती चपला भिरकावते आणि पानावर बसते. भात आणि सुकी मासळी.

"मूग," कॉन्चिंग म्हणाली.

"अं?"

"शुक्रवार होता. शुक्रवारी मी मूगच करते. शेवग्याचा पाला घालून. वाच नीट."

"हो, मूग. दोनदा वाढून घेते ती."

कॉन्चिंगने पदराला पुसावेत तसे हात झग्याला पुसले आणि म्हणाली, "माझ्या भाचीने वाचलं तेव्हा दोनच पर्याय होते. दोन्हीकडे मरते ती. तुझ्याकडे तिसरा कुठून आला?"

पर्लिताने खरं ते सांगितलं. लिहिला होता, कंपनीने काढला.

"आणि दोरा? तो कुणाला विचारून घेतलास?"

पर्लिताने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"अकरा वर्षं झाली," कॉन्चिंग उठत म्हणाली, "मी रोज त्याची गाडी पुढे नेते. डोक्यातल्या डोक्यात. ते काढलेलं परत घाल. एवढंच सांगायला आले होते."

पर्लिता सोमवारीच कंपनीत गेली. जेसामिनला तिने सगळं सांगितलं, चपलेचंसुद्धा. जेसामिनचे डोळे भरून आले. "अरेरे, मॅम! घालते मी परत. आजच घालते." आणि तिने शब्द पाळला. पर्याय परत आला. फक्त त्याच्याशेजारी एक लहानसा हिरा चमकत होता. म्हणजे तो दाबायचा तर आधी पैसे भरून हिरे विकत घ्यायचे.

"सगळेच खास पर्याय तसे असतात, मॅम," जेसामिन फोनवर म्हणाली. "आणि गंमत बघा, हिरा लावल्यापासून शंभरातले वीस जण दाबतात! फुकट होतं तेव्हा कुणाला नको होतं."

पर्लिताने तिला नको नको ते बोलून फोन आपटला. पण कॉन्चिंगला ती काही सांगायला गेली नाही. तिला वाटलं, हिऱ्याचं तिला कळणार नाही. उलट पर्लितालाच कळलं, दुकानात, कॉन्चिंगच्या भाचीच्या तोंडून. दर शुक्रवारी मावशी हिरे घ्यायला लावते. दुसरा पर्याय दाबून दाखवला तर ताटावरून उठते.

वर्षअखेर कंपनीने गोष्टीचा दुसरा भाग मागितला. यात बेकरीतल्या सुटलेल्या मुलीला परत आणायचं, जेसामिन म्हणाली, लोकांचा जीव जडलाय तिच्यावर. परत आणून काय करायचं, ते पर्लिताने विचारलं, आणि उत्तर ऐकून काम सोडलं. तिच्या जागी मनिलाचा एक मुलगा घेतला. त्याला आर्लिन कोण हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याने तिला तिसऱ्या प्रकरणात मारलं. तिथे तिसरा पर्याय नव्हता, हिऱ्याचासुद्धा नाही.

पर्लिता धावत भाचीकडे गेली, दुसरा भाग वाचून दाखवू नकोस म्हणून सांगायला. भाची दारातच उभी राहिली. "काल रात्री वाचला, मनांग पर्ली," ती हळूच म्हणाली. "मला काय माहीत पुढे काय आहे?"

त्यानंतर कॉन्चिंग दोन महिने मासला आली नाही. शेवटी ती पर्लिताला मासळी बाजारात दिसली, भाचीच्या हाताला धरून चालताना.

"मनांग, तो भाग मी नाही लिहिला. शपथ घेऊन सांगते. मी काम सोडलंय."

"कळलं मला," कॉन्चिंग म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच पर्लिताला सोसेना. "पण तिला त्या रस्त्यावर परत उभं तूच केलंस ना? माझी पोर मी केव्हाच पुरली होती."

भाचीने तिला पुढे नेलं. कोळणीने विचारलं, "तुम्हाला काय देऊ, बाई?" पर्लिता तिथेच उभी होती. कोळणीला दोनदा विचारावं लागलं.