एकमेकींचे पैसे

आईला निराधार योजनेचे पैसे सुरू झाले त्याच महिन्यात शेजारच्या मावशींनाही सुरू झाले. दोघी विधवा, दोघी श्रीरामपुरात घरोघरी भांडी-फरशीची कामे करणाऱ्या. त्या पैशांना दोघी 'पगार' म्हणत. खात्यात पडून राहिलेला पगार सरकार परत घेते, असे त्यांना कुणीतरी सांगितले होते. मी नगरला शाळेच्या ग्रंथालयात लागल्यावर आईला बँकेचे नियम नीट समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी अंगठा लावून होते नव्हते तेवढे काढून आणले.

घरात आलेले पैसे टिकावेत म्हणून दोघींनी एक रीत लावून घेतली होती. आईचे पैसे मावशींच्या घरी राहत आणि मावशींचे आमच्या घरी. आपल्याच डब्यात हात घालायला कारण लागत नाही. शेजारणीकडे मागायचे तर तिच्या "कशाला पाहिजेत?"ला उत्तर द्यावे लागते. उत्तर पटले तरी पैसे त्या दिवशी मिळत नसत. आज विचारायचे, उद्या द्यायचे. दवाखाना असेल तरच लगेच.

मावशींना ऐकू कमी येई, त्यामुळे हा व्यवहार सगळ्या गल्लीला ऐकू जाई. एकदा आईने नाताळासाठी साडीचे पैसे मागितले, तेव्हा मावशी ओट्यावरूनच म्हणाल्या, "मागच्या नाताळाची घडी तरी मोडली का गं? तीच नेस. देव काय रंग बघतो व्हय?" पुढे मावशींनी भाच्याच्या मोबाईलसाठी मागितले, तर आई म्हणाली, "तुला समोरचं ऐकू येत न्हाई, त्याच्या फोनवर काय ऐकनार हायेस?" मावशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी वाटीभर कालवण घेऊन आल्या.

मावशींना कानाचे मशीन घ्यायचे होते. आत काम करताना दाराची घंटा ऐकू येत नाही म्हणून त्यांची दोन घरची कामे सुटली होती. तिसरीही सुटायच्या बेतात होती.

मागच्या हिवाळ्यात आईला दवाखान्यात ठेवले. तिचे आधार कार्ड शोधायला मी घरी आले आणि ट्रंक उघडली. माझी शाळेची सगळी पुस्तके तिने जपून ठेवली होती. तिला वाचता येत नसे, तरी एकही पुस्तक रद्दीत गेले नव्हते. भूगोलाच्या पुस्तकात नोटा होत्या, पानापानांत एकेक, इस्त्री केल्यासारख्या सपाट. दोघींची रीत मला चांगली ठाऊक होती. पण पुस्तक माझे होते, म्हणून पैसेही माझ्यासाठीच ठेवलेले असणार, असे मला वाटले. मी ट्रंकेपाशी बसून रडले आणि मग ते घेऊन औषधांच्या दुकानात गेले. त्यातले उरले ते आठवड्याने तिच्या शवपेटीला लागले.

दफनानंतर चौथ्या दिवशी मावशी आल्या. पदराआडून कापडी पिशवी काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

"हे तुझ्या आईचे," त्या म्हणाल्या.

त्या पिशवीकडे पाहताना मला कळले की मी खर्च केले ते कुणाचे होते.

"मावशी, तुमचे पैसे माझ्याकडून खर्च झाले."

त्यांना ऐकू गेले नाही. मी पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा ओरडून सांगितले तेव्हा समोरची बाई तिच्या दारात येऊन उभी राहिली.

मावशी म्हणाल्या, "कशाला लागले?"

"औषधाला. आणि शवपेटीला."

"लाकूड बरं हुतं का?"

मी मानेने हो म्हटले.

"मग बरे लागले. दवाखान्याला आमी उद्या म्हनत नसतो." त्यांनी पिशवी माझ्याकडे सरकवली. "हे बी घे. तुला लागत्याल."

मी ती परत त्यांच्या मांडीवर ठेवली. आता ते पैसे त्यांचेच होते. पण मी खर्च केलेल्या त्यांच्या नोटांपेक्षा ते कमी होते, कारण सावेडीतल्या माझ्या खोलीच्या डिपॉझिटसाठी आईने मध्येच त्यातून काढले होते. हे मला मावशींकडूनच कळले. तेव्हा त्यांनी आईला कशाला हवेत म्हणून विचारले होते, आणि "पोरीला" एवढेच ऐकून त्याच दिवशी दिले होते. उद्या द्यायचा नियम त्यांनी मोडला होता, आणि मी चार वर्षे त्या खोलीत राहत होते.

कमी पडणारे पैसे मी माझ्या नोकरीच्या दोन पगारांतून आणून दिले. घेताना त्या म्हणाल्या, "भाडं थकवून आनले न्हाईस ना?" नाही म्हटल्यावरच त्यांनी हात पुढे केला.

मशीन आम्ही नगरला घेतले. दुपारी त्यांना माझ्या खोलीवर आणले आणि सवयीने ओरडून विचारले, "साखर किती घालू?"

त्या दचकल्या. "हळू की, मास्तरीन. शेजारचे येत्याल पळत."

चहा झाल्यावर त्यांनी खालच्या आवाजात विचारले, "शेवटी काय बोलली गं ती?" इतक्या हळू त्यांना बोलताना मी कधी ऐकले नव्हते. ते शेवटचे बोलणे मी कुणालाच सांगितले नव्हते. त्यांनाही सांगायचे राहिले होते, कारण ते ओरडून सांगण्यासारखे नव्हते.

मी सांगितले. शेवटच्या दिवशी सकाळी तिला जाग आली होती. आपण घरीच आहोत असे तिला वाटत होते. ती म्हणाली, "नळ आला असंल. मावशीला उठव, तिला कळायचं न्हाई. हंडे रिकामे ऱ्हात्याल तिचे."

मावशींनी सगळे ऐकले. मला एकही शब्द पुन्हा म्हणावा लागला नाही. त्यांनी पदराने तोंड पुसले.

"आता कोण उठवतं?" मी विचारले.

"समोरची. पन तिचे भरून झाल्यावर." त्यांनी कानामागे बोट लावून मशीन जागेवर असल्याची खात्री केली. "उद्यापासनं माजी मीच उठन. नळाचा आवाज येतो म्हनला त्यो दुकानदार."