निलगिरीवरची साळू

कापडे गावच्या कोंडाजीने तीस वर्षं झाडं चढली. भाताची रोपं टाकायच्या जमिनीवर जाळायला ऐनाच्या, किंजळीच्या फांद्या तोडायच्या, हे त्याचं काम. दोन पाय आणि एक हात झाडाला, कोयता दुसऱ्या हातात. हा नियम त्याने कधी मोडला नाही. ब्याऐंशी साली गुडघा गेला आणि झाडं सुटली.

दोन वर्षांनी एका सकाळी बालवाडीच्या आनंदीबाई धापा टाकत त्याच्या अंगणात आल्या. "कोंडाजी, साळू ते चित्रातलं जनावर शोधायला निलगिरीवर चढलीय. उतरता येईना तिला!"

साळू शेजारच्या मंजुळेची, पाच वर्षांची. आदल्या दिवशी बाईंनी मुलांना कोआला या परदेशातल्या प्राण्याचं चित्र दाखवलं होतं. मोठं नाक, लवेने भरलेले कान, शेपटी नाही. निलगिरीचा पाला खातो आणि दिवसभर बेचक्यात झोपतो. बालवाडीमागे निलगिरी होतीच. साळू दगडी गडग्यावर चढून, खालची फांदी धरून त्याला शोधायला वर गेली.

पंचवीस हात वर ती खोडाला मिठी मारून होती. खाली मंजुळा ओरडत होती.

"गप गो मंजुळे, ती खाली बघंल," म्हणत कोंडाजीने वहाणा काढल्या.

ऐनाची साल पाय धरते. निलगिरीची साल पायाखाली सुटत होती. अर्ध्यावर पायाखालची फांदी कडाडून मोडली. तो हातांवर लोंबकळला. गुडघ्यातून कळ गेली. पाय टेकायला खोडावरची गाठ सापडेपर्यंत त्याने श्वास सोडला नाही.

साळूपाशी पोचला. ती हात सोडेना.

"ते जनावर कसं उतरतं गो?"

"ढुंगण खाली करून," साळू हुंदक्यात म्हणाली. "बाईंनी सांगितलं."

"आन् पिल्लू?"

"आधी पिशवीत. वालाएवढं असतं. मोठं झालं की आईच्या पाठीवर."

"मग बस की माझ्या पाठीवर. पिशवी नाय माझ्याकडं."

"तुम्ही आई नाय."

"आज हाय. एक हात आण आधी."

एक हात आला. मग दुसरा. तिच्या मिठीने त्याचा गळा आवळला. कोंडाजी पाठमोरा उतरू लागला. पाय चाचपून टेकवायचा, भार देऊन बघायचा, मगच हात सोडायचा. चढण्याच्या तिप्पट वेळ लागला. खालून "लवकर उतरा" म्हणायलाही त्याने मंजुळेला बंदी केली.

पाय जमिनीला लागले, तरी साळूची बोटं सुटेनात. मंजुळेने एकेक उलगडली.

आनंदीबाई रडत म्हणाल्या, "आता मी हे असलं काही शिकवणार नाही."

"शिकवा की," कोंडाजी बुंध्याला टेकून गुडघा चोळत म्हणाला. "पण ते जनावर ऱ्हातं कुठं, ते आधी सांगा. आन् पोरांच्या समोर ती खालची फांदी तोडून टाका."

मग त्याने स्वतःच कोयता मागवला.